लांबी, चुका आणि फुटकी काच

मुलांनो,

मे महिना म्हणजे आंबे, पत्ते आणि क्रिकेट. आणि क्रिकेट म्हटलं की कधी ना कधी ‘खळ्ळ्!’ होतंच. त्यानंतर अंगणात कशी शांतता पसरते, ते मी तुम्हाला सांगायला नको. बॅट्समन, बोलर, अंपायर सगळे एका क्षणात गायब! उरतात फक्त स्टंप म्हणून रचलेल्या तीन विटा.

गेल्या वेळी आपण गळका नळ बंद केला. त्यानंतर सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, ‘काका, आमच्या खिडकीच्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय. आधी बोटाएवढा होता, आता वीतभर झालाय. खरं सांगते, कोणी हातसुद्धा लावलेला नाही. झटपट चिकटणारा गोंद लावला तर चालेल का?’

पत्र वाचून मला फार बरं वाटलं. फुटलेली काच दिसली की बहुतेक जण तोंड फिरवतात. हिने तड्यावर लक्ष ठेवलं, तो वाढतोय हे पाहिलं आणि विचारलं. दुरुस्तीची सुरुवात अशीच होते. म्हणून आजचा विषय : खिडकीची काच.

तडा आपोआप का वाढतो?

कापडाच्या दुकानात गेलात की नीट बघा. दुकानदार आख्खं कापड कात्रीने कापत बसत नाही. काठाला एक छोटा चाप देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. वेफर्सच्या पुडीच्या कडेलाही एक इवलीशी खाच असते. ती असली की पुडी सहज फाटते, नसली की दात लावावे लागतात! याचं कारण असं, की आपण लावलेला सगळा जोर त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो.

काचेचं तसंच आहे. तड्याचं टोक केसापेक्षाही बारीक असतं. दार आपटलं, वाऱ्याने खिडकी हलली, उन्हाने काच तापली, की तो सगळा ताण त्या टोकाशी येतो आणि तडा थोडा पुढे सरकतो. ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनियरने १९२१ साली याचं गणित मांडून दाखवलं. त्यात भर म्हणजे आपली दमट हवा. पाण्याचे कण तड्याच्या टोकाशी पोचले की तिथली काच आणखी लवकर तुटते. त्यामुळे पावसाळ्यात तडा जोमाने वाढतो. आमच्या मैत्रिणीची काच खरंच कोणी हात न लावता तडकत होती. तिच्यावर उगाच संशय घेऊ नका!

आता गोंदाचं. हाड मोडलं तर प्लास्टर घालून ते पुन्हा जुळतं, कारण हाड जिवंत असतं. काच जुळत नाही. गोंदाने दोन तुकडे एकमेकांना धरून राहतील, पण तडा आहे तिथेच राहील. म्हणून गोंद आणि चिकटपट्टी हे काचेचं औषध नव्हे, नवी काच बसेपर्यंतचा आधार आहे.

तडा कोणता, उपाय कोणता?

काचेवर नुसता ओरखडा असेल तर काही करू नका. फक्त लक्ष ठेवा. 

तडा लहान असेल, काच जागेवर घट्ट असेल, तर आधी काच ओल्या फडक्याने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग आतून आणि शक्य असेल तर बाहेरूनही तड्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये घरोघरी खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत. काच फुटलीच तर तिचे तुकडे घरभर उडू नयेत, हा हेतू. आपल्या चिकटपट्टीचंही तेवढंच काम. तड्याच्या टोकाजवळ पेन्सिलीने खिडकीच्या चौकटीवर किंवा पट्टीवर खूण करा आणि तारीख लिहा. आठ दिवसांनी टोक खुणेच्या पुढे गेलं असेल तर वाट पाहू नका.

तडा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला असेल, चांदणीसारखा फुटला असेल किंवा तुकडा हलत असेल, तर काच बदलायचीच. वरच्या मजल्यावरची बाहेर उघडणारी खिडकी असेल, तर घरच्या कोणीही खटाटोप करू नये. काचवाल्याला बोलवावं. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीची काच रबराच्या पट्टीत बसवलेली असते. ती खिडकी मोठी माणसं काढून दुकानात नेतात.

आपण बघणार आहोत ती लाकडी खिडकी. तळमजल्यावरची किंवा आतून उघडून हाताशी येणारी. काचेला हात लावायचा तो मोठ्यांनी, हे आधीच ठरवून टाकू. पण त्यामुळे तुम्ही रिकामे बसणार नाही. बघा तुम्हाला किती कामं आहेत ती.

काच काढताना

सगळ्यांच्या पायात चपला-बूट हवेत. धाकटी भावंडं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. काढणाऱ्याच्या हातात जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. जमिनीवर जुनी चादर पसरा. काचेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीच्या उभ्याआडव्या पट्ट्या लावा.

लाकडी खिडकीत काच एका खाचेत बसलेली असते आणि तिला चार बाजूंनी लाकडाच्या बारीक पट्ट्या धरून ठेवतात. त्या पट्ट्या ज्या बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, त्यांना सुतार म्हणतात ‘चुका’. एक चूक, अनेक चुका! म्हणजे एका चुकीने काच फुटते आणि बारा चुकांनी ती पुन्हा जागेवर बसते. मराठी भाषा अशी गमतीची आहे.

पट्टी उचकटताना पटाशी किंवा जुना स्क्रूड्रायव्हर आधी लांब पट्टीच्या मध्यावर लावावा. तिथे ती वाकते, मोडत नाही. पट्टी निघाली की तुमचं काम सुरू. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा : वर, खाली, डावी, उजवी. नाहीतर बसवताना चारही पट्ट्या सारख्याच दिसतात आणि एकही बसत नाही. उचकटलेल्या चुका एका वाटीत मोजून ठेवा. हरवलेली चूक नेमकी पायालाच सापडते.

तुकडे काढताना आधी वरचे, मग खालचे. खालचे आधी काढले तर वरचा तुकडा सुटून थेट हातावर येतो. हा नियम मोठ्यांनाही वाचून दाखवा.

मग खाच साफ करायची. जुना वाळलेला थर पटाशीने खरवडून निघतो.

लांबीची लांबी

हा वाळलेला थर कसला? त्याचं नाव ‘लांबी’. म्हणजे दुसरी गंमत! खिडकीची लांबी मोजायची आणि खिडकीला लांबी लावायची. ही लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल यांचा मळलेला गोळा. शेंगदाण्याचं तेल हवेत कितीही ठेवलं तरी तेलकटच राहतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून सुतार आणि रंगारी ते वापरतात. लांबी दुकानात तयार मिळते. घरी करायची तर पुरीच्या कणकेइतकी घट्ट मळा. मळण्याचं काम तुमचं. हाताला चिकटली तर थोडी भुकटी घाला, चिरफाळली तर दोन थेंब तेल.

एक ताकीद लक्षात ठेवा. जवसाचं तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

आता दुसरी लांबी, मोजायची. पट्टी घेऊन खाचेच्या आतलं अंतर मोजा. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी. उंचीही तीन ठिकाणी. जे माप सगळ्यांत लहान ते खरं. आता चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. भूमितीच्या तासाला ‘हे पुढे कुठे उपयोगी पडणार’ असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर!

काच मात्र मापापेक्षा एक सूत कमी घ्यायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. पावसाळ्यात लाकूड फुगतं. काच अगदी घट्ट बसवली तर चौकट तिला दाबते आणि चेंडू न लागताच काच तडकते.

समजा, खाच १२ इंच १ सूत रुंद आणि १८ इंच १ सूत उंच आहे. काच घ्या १२ बाय १८. क्षेत्रफळ २१६ चौरस इंच. त्याला १४४ ने भागा, दीड चौरस फूट झाले. काच चौरस फुटावर विकतात, त्यामुळे दर विचारला की किंमत तुम्हीच सांगू शकाल. जाडी जुन्या काचेएवढीच घ्या. तीन मिलिमीटर जाडीची एवढी काच जवळजवळ एक किलो भरते. म्हणून ती सायकलच्या कॅरियरला लावून आणायची नाही.

दुकानात काचवाला काच कापतो ते बघायला विसरू नका. तो काच ‘कापत’ नाहीच! हिऱ्याची कणी किंवा बारीक पोलादी चाक लावलेल्या कलमाने एकच रेघ मारतो आणि काठाशी हलका दाब देतो. टक्! काच रेघेवर सरळ तुटते. म्हणजे ज्या तड्याने आपली खिडकी बिघडवली, त्याच तड्याला काचवाल्याने नोकरीवर ठेवलंय. त्याचा तडा त्याचं ऐकतो, एवढाच फरक.

काच बसवताना

खाचेत लांबीचा पातळ थर द्यावा. त्यावर काच ठेवून कडांवर दाबावं, मधोमध कधीच नाही. मग तुम्ही खुणा केलेल्या पट्ट्या आपापल्या जागी लावायच्या. चुका ठोकताना काचेवर जाड पुठ्ठा धरावा आणि हातोडी त्या पुठ्ठ्यावरून सरकवत आडवी मारावी, उचलून नाही. चुका मोजून देणं आणि पुठ्ठा आणणं तुमच्याकडे. बाहेरच्या बाजूने लांबी उतरती करून लावली की पावसाचं पाणी थांबत नाही, ओघळून जातं. काच पुसायला कोरडी खडूची भुकटी आणि जुनं वर्तमानपत्र. लांबी वाळायला बरेच दिवस लागतात. तोवर ती खिडकी आपटायची नाही आणि तिच्यासमोर बॅटिंगही घ्यायची नाही.

आणि ते तुकडे?

हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

मी तुमच्याएवढा होतो तेव्हा सोलापूरला आम्ही चाळीत राहायचो. टोकाच्या खोलीतल्या माई गावाला गेल्या होत्या. माझ्या फटक्याने त्यांची काच फुटली. बाकीचे पळाले. मी मोठा शूर, मागे थांबलो. पण कबूल करायला नव्हे, पुरावा नष्ट करायला! तुकडे गोळा केले, एका जुन्या कापडी पिशवीत भरले आणि चाळीच्या कचऱ्याच्या डब्यात खाली दडपले. वर केर पसरला. कोणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळ झाडायला येणाऱ्या मावशींनी नेहमीसारखा डब्यात हात घातला. तळहात कापला. चार टाके पडले. आठ दिवस त्या कामावर येऊ शकल्या नाहीत, आणि काम नाही तर पैसेही नाहीत. चाळीत सगळे हळहळले. मीही हळहळलो, सगळ्यांसारखा चेहरा करून. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी दादांना सांगितलं. आमच्याकडे वडिलांना दादा म्हणत. मला वाटलं, आता पाठ शेकणार. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चप्पल घातली आणि म्हणाले, ‘‘चल. आधी मावशींकडे, मग काचेच्या दुकानात.’’ मावशींच्या दारात मी मान खाली घालून सगळं सांगितलं. दादांनी आठ दिवसांचे पैसे त्यांच्या हातात ठेवले. मावशींनी ते घेतले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘तुकडे हातानं उचललेस होय रे? तुला नाही ना लागलं?’’

मुलांनो, दादांनी मारलं असतं तर मी विसरलो असतो. तो प्रश्न अजून विसरलेलो नाही.

काच फुटते, त्यात फारसं काही नाही. खेळताना फुटायचीच. पण फुटलेली काच आपल्या घरातून गेली म्हणजे संपली असं नसतं. तिला पुढे कोणाचा तरी हात लागणार असतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या मंडळींनी १९९३ साली आपली संघटना स्थापन केली. तिचं नाव आहे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. त्या नावातली काच आपल्याच घरातून गेलेली असते.

म्हणून तुकड्यांची ही पद्धत शिकून घ्या. मोठे तुकडे हातमोजे घालून मोठ्यांनी उचलायचे. बारीक तुकडे झाडू आणि सुपलीने. अगदी बारीक कण राहतात त्यांच्यासाठी खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीवर आडवा धरा. कण चमकतात. त्यांच्यावर कणकेचा ओला गोळा दाबा, सगळे चिकटून येतात. तो गोळाही काचेबरोबरच टाकायचा. गाईला, कुत्र्याला घालायचा नाही. झाडू नंतर बाहेर नीट झटका.

सगळे तुकडे वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्यांत गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा आणि चिकटपट्टीने बंद करा. वर मोठ्या अक्षरात लिहा : ‘फुटकी काच, सांभाळा’. आणि एवढ्यावर थांबू नका. कचरा न्यायला येणाऱ्या दादांच्या किंवा ताईंच्या हातात खोका वेगळा द्या आणि तोंडाने सांगा. सगळ्यांना वाचता येतंच असं नाही, आणि सकाळच्या घाईत कोण वाचत बसणार?

कोणाला काच लागलीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर उचला. जखमेत तुकडा रुतला असेल तर तो ओढू नका. त्याच्या बाजूने दाब द्या आणि लगेच डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

आईबाबांसाठी दोन ओळी

मुलाने काच फुटल्याचं येऊन सांगितलं, तर आधी ‘लागलं का?’ एवढं विचारा. ओरडायला नंतर भरपूर वेळ असतो. ज्या घरात सांगायची भीती वाटते, त्या घरातल्या काचा पिशवीत भरून डब्याच्या तळाशी जातात. दुरुस्तीला मुलांना बरोबर घ्या. ज्या खिडकीच्या चुका आपण मोजून दिल्या, तिच्या दिशेने मुलं जरा सांभाळूनच फटका मारतात.

हे माहीत आहे का?

खिडकीची काच मुख्यतः वाळू, सोडा आणि चुनखडी यांपासून बनते. ती एवढी सपाट कशी? वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच तरंगत ठेवतात, ती आपोआप समतल पसरते. ही पद्धत इंग्लंडमध्ये ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनी शोधली आणि १९५९ साली जाहीर झाली. आपल्याकडे पुण्याजवळ तळेगाव दाभाडे इथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला, तो लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून.

या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या सगळ्या खिडक्या फिरून बघा. किती काचा चुकांवर बसल्यात, किती रबरावर? एखाद्या काचेला तडा दिसला तर खूण करून तारीख लिहा आणि पाऊस येण्याआधी मला कळवा.

पुढच्या आठवड्यात सायकलचं पंक्चर. जुन्या ट्यूबचा एक तुकडा जपून ठेवा.

तुमचा,
काका